उलटी निंदणी

चोपड्याहून उत्तरेला निघालं की लासूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, कापूस आणि मका. तापीखोऱ्यातली काळी, कसदार जमीन. पुढे सत्रासेनच्या दिशेने रस्ता चढू लागतो तशी माती मुरमाड होते, सागाची विरळ झाडं दिसू लागतात आणि सातपुड्याची पहिली रांग समोर उभी राहते. शेतं संपून जंगल नीट सुरू व्हायच्या आधी मधे एक पट्टा लागतो. कागदोपत्री त्यातला काही वनखात्याचा, काही गायरानाचा, काही ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्काचा. चरायला मात्र सपाटीवरच्या गावांची आणि वरच्या पाड्यांची गुरं मिळून याच पट्ट्यात येतात. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी या पट्ट्यातल्या गुरांमागे गेली. निवृत्तीनंतरही मी तिथे जातो, पण आता औषधाची पेटी घेऊन नाही, कुदळ घेऊन. ते कसं झालं आणि त्यातून काय हाती आलं, हे सांगण्यासारखं आहे.

उन्हाळ्याचा शेवट आणि पावसाचा पहिला पंधरवडा, हे आमच्या भागातल्या गुरांचे सगळ्यात वाईट दिवस. रानात गवताची काडी नसते. हिरवं म्हणून डोळ्यांना दिसते ती एकच गोष्ट, घाणेरी. काही जण तिला टणटणी म्हणतात. एरवी गाय तिच्याजवळ उभी राहत नाही, पण भूक लागली की चार घास घेते. दोन दिवसांनी तिचं रवंथ थांबतं. कोठीपोट हलत नाही, शेण घट्ट होतं, डोळ्यांच्या कडा आणि हिरड्या पिवळ्या पडतात. ती सावली सोडायला तयार होत नाही. उन्हात बांधली तर मुस्कट, कान, सड, जिथे कातडी पांढरी आणि केस विरळ, तिथे लाली येते, भेगा पडतात आणि सालटी निघतात. घाणेरीच्या पानातलं लँटाडीन नावाचं विष यकृतावर बसतं आणि पित्त अडवतं. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात तयार होणारा एक पदार्थ एरवी पित्तावाटे बाहेर पडतो. पित्त अडलं की तो रक्तात साठतो आणि ऊन लागलं की कातडी भाजून निघते.

उपचार असा मोठा नाही. जनावर अंधाऱ्या गोठ्यात ठेवायचं, कोळशाची बारीक पूड पाण्यात कालवून पाजायची, सलाईन लावायचं, जखमांवर मलम लावून माशांपासून सांभाळायचं. अडचण ही, की खाल्लेली पानं कोठीपोटात कित्येक दिवस पडून राहतात आणि विष थोडं थोडं अंगात भिनत राहतं. बरी झालेली गायही महिनाभर दुधाला येत नाही. कोवळी वासरं आणि बाहेरून नव्याने आणलेली जनावरं तर बहुधा हातची जातात.

लासूरच्या बाजूला एका घरी अशीच गाय पाहत होतो. घरातल्या म्हातारीला विचारलं, "माय, घाणेरी खाल्ली का हिने?" ती म्हणाली, "नही खाई त काय करी, भाऊ? रानमा दुसरं शे काय?"

उपचाराचं मी शिकलो होतो. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र रानात होतं, आणि रानाकडे पाहायचं तर आधी गवत ओळखावं लागतं.

आपल्याकडे गवत म्हटलं की सगळं एक समजतात. गुराख्याला विचारा, तो एका उतारावर दहा नावं सांगेल. शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी. यांतली शेडा, मारवेल, डोंगरी ही बहुवर्षायू गवतं. वरचा पाला गुरांनी खाल्ला तरी मुळं जमिनीत जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाला ठोंब फुटतो. १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातल्या गवताळ आच्छादनाचे पाच मोठे प्रकार मांडले. त्यात दख्खनचा आणि मध्य भारताचा बहुतेक प्रदेश शेडा–मारवेल या प्रकारात येतो. म्हणजे आपल्या टेकड्यांवरचं मूळ गवत हेच. शेडा चांगला माजला की माणसाच्या कमरेला लागतो. त्याच्या दाट बुडख्यांमध्ये उन्हाचा कवडसासुद्धा जमिनीपर्यंत पोचत नाही, मग तणाचं बी रुजणार कुठे?

याच उतारांवर रोशा गवतही होतं, त्याचा वास अजून काही घळींत येतो. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये रोशाच्या तेलाची नोंद आहे. हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात आणि तिथून बल्गेरियात जाई, आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई. खानदेशच्या डोंगरावरच्या गवताने युरोपातल्या अत्तराच्या बाटल्या भरल्या, ही गोष्ट मला चोपड्याच्या प्रत्येक शाळेतल्या मुलांना सांगावीशी वाटते. ज्या रानाला आज आपण पडीक म्हणतो, ते असं होतं.

मग ते गेलं कुठे? घाणेरीने गवत मारलं, असं सगळे म्हणतात. माझं मत वेगळं आहे. घाणेरी, तरोटा, रानतुळस, गाजरगवत, ही चार तणं चार कुळांतली. एक झुडूप, बाकीची हंगामी. चौघांत सारखं असं एकच, की गुरं त्यांना तोंड लावत नाहीत. कुरणात गुरांची गर्दी झाली की गुरं आधी शेडा संपवतात, मग मारवेल, मग कुसळीचा कोवळा पाला. तण तसंच उभं राहतं, फुलतं, बी टाकतं. शेतात बाई तण उपटते आणि पीक ठेवते. कुरणात गुरं पीक उपटतात आणि तण ठेवतात. दरवर्षी पावसाळाभर, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, हजारो तोंडांनी ही उलटी निंदणी चालते. पंधरा-वीस वर्षं ती चालू राहिली तर कोणतंही गवत टिकणार नाही. घाणेरी नंतर येते, मोकळी झालेली जागा बघून.

आणि गुरांची गर्दी का झाली, तेही सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष गुराख्याच्या माथी जातो. सपाटीवर ज्वारी-बाजरी मागे पडली. ज्वारीसोबत कडबा यायचा आणि उन्हाळा निघायचा. कापसाच्या पऱ्हाटीतून कडबा मिळत नाही, केळीतूनही नाही. टंचाईत केळीची खोडं चिरून घालतात, पण त्यात पाणीच फार, पोट भरतं आणि जनावर वाळतं. म्हणजे खालच्या शेतांनी चारा पिकवणं सोडलं आणि त्या चाऱ्याचं ओझं वरच्या टेकड्यांवर आलं. त्यात नदीकाठचं गायरान वेड्या बाभळीने गिळलं. तिच्या शेंगा गोड, गुरं आवडीने खातात, आणि बी शेणातून न पचता बाहेर पडून जास्तच जोमाने उगवतं. तापीच्या काठच्या घळींत आज आत शिरायला वाट नाही. गुजरातच्या बन्नीत १९६१ पासून खारटपणा अडवायला हीच बाभूळ लावली आणि तिथल्या मालधारींच्या कुरणाचं काय झालं, ते सर्वांसमोर आहे.

सत्रासेनच्या अलीकडे एक पावरा पाडा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. तो या पाड्याने रीतसर मिळवला होता. हक्क आला, पण हक्काच्या रानात घाणेरी. त्याआधी कधीतरी कोणत्याशा योजनेतून त्या उतारावरची घाणेरी कोयत्याने तोडून पेटवली होती. एका बुडख्याला पहिल्याच पावसात आठ-दहा फुटवे आले आणि रान पूर्वीपेक्षा दाट झालं. लोकांना वाटू लागलं होतं, हिला मरण नाही.

बैठक होळीच्या आठवड्यात ठेवली. भोंगऱ्याच्या बाजारासाठी गुजरातेत आणि उसाच्या फडांवर गेलेली माणसं परत येतात. पाड्यावर सगळी घरं भरलेली असतात ती तेवढ्याच दिवसांत. मी गुरांचं बोललो, यकृताचं, दुधाचं. पाड्याच्या कारभाऱ्याने रानाचं सांगितलं. सुमारे चाळीस एकरांचा एक उतार निवडायचा, दोन पावसाळे त्यात गुरं घालायची नाहीत, तण काढायचं, गवत लावायचं. पुरुषांच्या माना हलल्या. तेव्हा मागे बसलेली एक बाई उठून म्हणाली, "बकऱ्या कुठे न्यायच्या ते आधी सांगा. गाय दोघा-तिघांकडेच आहे. बकरी घरटी आहे, आणि ती आम्ही राखतो." बैठक तिथेच अडली, आणि अडली ते बरं झालं. रात्री उशिरापर्यंत बोलणं होऊन उताराचे दोन भाग पडले. वरचा अर्धा बंद, खालचा बकऱ्यांना खुला. वरचा उभा राहिला की अदलाबदल. ज्यांच्याकडे एकही जनावर नाही त्यांनाही दिवाळीनंतर कापलेल्या गवताचा वाटा, विकायचा तर विका. या शेवटच्या अटीवाचून हे काम एक वर्षही टिकलं नसतं, असं मला आजही वाटतं. चराईबंदी भूमिहीनाच्या पोटावर बसली तर कुंपण रात्री कापलं जातं, आणि ते कापणाऱ्याला मी दोष देणार नाही.

घाणेरीचं मर्म तिच्या मुळाच्या मानेशी आहे. खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या भागातून फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम करून एक साधी रीत बसवली: माती थोडी उकरून, मानेच्या दोन-तीन बोटं खाली मुख्य मूळ कुदळीच्या घावाने तोडायचं आणि सगळं झुडूप उलटं करून, मुळं वर करून ठेवायचं. खालचं मूळ फुटत नाही, वरचं मातीला टेकत नाही, आठवड्यात वाळून जातं. नांगर नको, यंत्र नको, औषध नको. श्रावणात माती भिजलेली असताना दोन माणसं मिळून हे काम सुखाने करतात, एक फांद्या दाबून धरतो आणि एक घाव घालतो. काटे लागतात, त्यामुळे हातांना जुन्या पोत्याचे तुकडे बांधले. बायकांनी वाळलेली खोडं सरपणाला आणि परसाच्या कुडाला नेली. कर्नाटकात माले महादेश्वराच्या डोंगरात सोलिगा लोक याच खोडांपासून खुर्च्या-टेबलं करतात. आमच्याकडे तसा कारागीर नाही आणि बाजारही नाही, सरपणावर भागलं.

एक काळजी आम्ही घेतली, ती इतरांनीही घ्यावी. उभ्या चढावर आणि नाल्याच्या काठावर सगळी घाणेरी एकदम काढली नाही. वाईट असली तरी तिने माती धरून ठेवलेली असते, आणि तित्तिर, लावे, ससे तिच्या आडोशाला राहतात. आडवे पट्टे पाडून एक सोडून एक काढला, काढलेल्या फांद्या उताराला आडव्या रचल्या, आणि मोकळ्या पट्ट्यात गवत धरल्यावर पुढच्या वर्षी उरलेला काढला.

बुलबुल आणि साळुंक्या घाणेरीची काळी फळं खाऊन झाडांवर बसतात. त्यामुळे दुसऱ्या वर्षी प्रत्येक सागाखाली, पळसाखाली रोपांचा दाट पुंजका उगवलेला दिसतो. ही रोपं वीतभर असतात आणि चिमटीने निघतात. ती काढायला मुलंही पुरतात. तिसऱ्या वर्षी तीच गुडघ्याएवढी होतात आणि पुन्हा कुदळ लागते.

रानतुळशीचं काम याहून सोपं आणि याहून अवघड. सोपं यासाठी, की तिचं मूळ उथळ, ओल्या मातीत दोन बोटांनी रोप येतं. अवघड ते वेळेमुळे. भाद्रपद-आश्विनात ती फुलते आणि एकदा बी धरलं की उपटणं म्हणजे बी पसरवणं. तरोट्याचंही तसंच. मेळघाट, ताडोबाच्या कुरणांवर काम केलेले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गजानन मुरतकर यांचा आग्रह हाच असतो, की तण फुलायच्या आत मुळासकट हाताने काढा. म्हणजे जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट. आणि नेमक्या याच आठवड्यांत खाली कापसाची निंदणी असते! पाड्यावरच्या बायकांना रोख मजुरी मिळण्याचे वर्षातले हेच दिवस. सकाळी पिकअप गाडी येते, बायका भरून नेते. कुरणात तण उपटण्याचे पैसे कोणी देत नाही. ही गाठ कोणत्याही पुस्तकात सुटलेली मला सापडली नाही. पाड्याने ती आपल्या परीने सोडवली. एकमेकांच्या शेतात बिनमजुरीने कामाला जाण्याची त्यांची जुनी रीत आहे, ती कुरणाला लावली. आठवड्यात एका सकाळी घरटी एक माणूस, गाडी यायच्या आधी. उन्हं वर येईपर्यंत काम आणि मग ज्याचा तो मोकळा. पावसाळाभर चालणाऱ्या अशा सकाळी घरटी एक माणूस सोडणं ही लहान गोष्ट नाही. या बायकांच्या त्या कामाचा मोबदला समाज म्हणून आपण अजून दिलेला नाही.

तरोट्याच्या बाबतीत एक फायदा होता. कोवळ्या पाल्याची भाजी पाड्यावर आवडीने खातात, म्हणून आषाढात पहिली खुडणी आपोआप होते. पण खुडलेला तरोटा पुन्हा फुटतो, म्हणून भाजी झाल्यावर मूळही काढायचं, असं ठरवून घ्यावं लागलं. त्याचं बीही व्यापारी घेतात. बियांसाठी रोपं राखण्याचा मोह काही घरांना होतो, तेव्हा बांधावरची राखा, कुरणातली नको, असा तोडगा निघाला.

गाजरगवत उतारावर फारसं नव्हतं. ते होतं वाटेवर, पाणवठ्यापाशी, गुरं बसतात त्या जागी. हे तण देशात ठळकपणे नजरेला आलं ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. परदेशी मदतीच्या गव्हातून आलं असं सर्वसाधारण मत आहे, म्हणून लोकांच्या तोंडी काँग्रेस गवत. आमच्या टेकड्यांवर ते टंचाईत बाहेरून आणलेल्या चाऱ्यातून आणि ट्रॅक्टरच्या चाकांच्या चिखलातून चढलं. एका रोपाला दहा-पंधरा हजार बिया सहज, वीस-पंचवीस हजारांपर्यंतही. गुरांच्या तोंडात गेलं तर दूध कडू होतं. माणसांच्या पापण्या सुजतात, हातांना खाज सुटून चट्टे उठतात आणि ज्याला एकदा बाधलं त्याला पुन्हा पुन्हा बाधतं. म्हणून ते काढताना हात झाकून काढायचं, आणि ज्याच्या अंगावर उठतं त्याला त्या कामातून वगळायचं.

गाजरगवतावर मेक्सिकोहून आणलेला भुंगेरा आहे, झायगोग्रामा. १९८४ मध्ये बंगळूरला तो पहिल्यांदा सोडला गेला आणि आता आपल्याकडेही पावसाळ्यात आपोआप दिसतो. ऑगस्टमध्ये त्याने खाल्लेली पानं चाळणीसारखी होतात. बरण्यांत धरून तो पाणवठ्यापाशी सोडला, कामही झालं, पण पाऊस स्थिरावल्यावरच. पावसाआधी आणि थंडीत तो मातीत दडून बसतो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत जागृती सप्ताह होतो. उपक्रम चांगला आहे. पण जूनमध्ये उगवलेलं गाजरगवत सोळा ऑगस्टपर्यंत फुललेलं असतं. आमच्या भागात त्याची पहिली उपटणी जुलैच्या मध्यालाच व्हायला हवी. शाळांनी सप्ताहाची वाट पाहू नये.

पाड्यावरचे म्हातारे मला विचारत, "डॉक्टर, निवडुंगावर किडा आला तसा घाणेरीवर नाही का आणता येत?" प्रश्न रास्त आहे. १९२६ साली श्रीलंकेतून आणलेल्या कोचिनील किड्याने दक्षिण भारतात मैलोन्‌मैल माजलेला फड्या निवडुंग बसवला. त्याच काळात ऑस्ट्रेलियातही एका पतंगाच्या अळ्यांनी निवडुंग संपवून लाखो एकर कुरण मोकळं केलं. घाणेरीवरही देशात वेगवेगळे किडे सोडून झाले, त्यांनी पानं खाल्ली, पण घाणेरी हटली नाही. तणनाशकाचं विचाराल तर खालच्या शेतांत त्याचे डबे बांधाबांधावर पडलेले असतात. कुरणात मी त्याच्या विरोधात उभा राहिलो, आजही आहे. उताराचं पाणी पाड्याच्या झिऱ्यात येतं, आणि फवारणी शेडा आणि घाणेरी असा भेद करत नाही.

तण काढलेली जमीन उघडी राहिली तर पुढच्या पावसाला पुन्हा तणच. म्हणून ज्या आठवड्यात घाणेरी निघाली त्याच आठवड्यात त्या जागी ठोंब लावले. मारवेल मिळाला खालच्या शेतांच्या बांधांवर. शेतकरी तो खणून टाकतात, त्यांना म्हटलं आम्हाला द्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले मारवेल ०६-४० ही चांगली जात दिली आहे, तिचेही थोडे ठोंब पाण्याजवळच्या भागात लावले. शेड्याचं मात्र कोणाकडे काही नव्हतं. तो सापडला देवाच्या रानात आणि गुरांचे पाय पोचत नाहीत अशा कड्यांवर. कार्तिकात तिथून बी ओरबाडून आणलं. हे बी हलकं, केसाळ, वाऱ्याने उडतं. ताजं पेरलं तर उगवतही नाही, त्याला काही महिने निद्रा असते. उन्हाळाभर कोरडं ठेवून, शेणमातीत कालवून गोळ्या केल्या आणि मृगाच्या पावसाआधी उतारावर टाकल्या. काही भाग उगवला, काही मुंग्यांनी नेला. पुन्हा टाकलं.

दुसऱ्या वर्षी ठेलारी मेंढपाळ आपल्या नेहमीच्या वाटेने आले. त्यांची वाट या उतारावरून, पिढ्यान्‌पिढ्यांची. काही तरुणांनी काठ्या काढल्या. पाड्यावरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना मागे बसवलं आणि ठेलाऱ्यांच्या म्होरक्याशी बोलणं लावलं. म्होरक्या उतारावर फिरून आला आणि म्हणाला, "शेडा परत आलाय. बी पडेपर्यंत आम्हीच थांबू. दिवाळीनंतर या टोकाला दोन रात्री बसू द्या, लेंडीखत तुम्हाला." त्या एका वाक्यात चराईचं जे शास्त्र होतं ते मी नोकरीभर कोणत्याही परिपत्रकात वाचलं नाही. फिरस्त्या मेंढपाळांना आणि काठेवाडी गुरं घेऊन येणाऱ्यांना कुरणाचे शत्रू समजण्याची पद्धत आपल्याकडे पडली आहे. ती बदलली पाहिजे. फिरतं जनावर रान सोडून पुढे जातं, म्हणून रानाला उसंत मिळते. रान मरतं ते एकाच जागी बारा महिने चरण्याने.

सगळं जमलं असं नाही. नाल्यापलीकडचा तुकडा शेजारच्या गावाच्या हद्दीत, तिथे बोलणी झाली नाहीत, आणि घाणेरी आज तिथे डोक्यावर आहे. तिचं बी दर हिवाळ्यात अलीकडे येतं. उताराच्या मधल्या खडकाळ भागात शेडा धरला नाही, कुसळी आली. ती पक्व झाल्यावर जनावरांच्या तोंडात रुतते, पण कोवळी असताना चारा आहे आणि माती धरते, म्हणून ठेवली. वरच्या अर्ध्या भागात मात्र तिसऱ्या पावसाळ्याअखेर गवत कमरेला लागलं. दिवाळीनंतर कापणी झाली, प्रत्येक घरी भारे गेले, जनावर नसलेल्यांनी ते लासूरच्या दूधवाल्यांना विकले. त्या पाड्यावरून घाणेरी खाल्लेल्या जनावरासाठी मला त्यानंतर बोलावणं आलेलं नाही.

आता पैशाचं. तण काढण्याच्या ज्या योजना मी जवळून पाहिल्या, त्या पहिल्या वर्षाच्या तोडणीवर खर्च करतात. मोकळ्या झालेल्या रानाचे फोटो निघतात, अहवाल जातो आणि खातं बंद होतं. पण पहिली तोडणी हा या कामाचा सगळ्यात लहान भाग आहे. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षीची रोपं वेचणं, ठोंब पुन्हा लावणं, राखण, हे खरं काम. त्याला मजुरी नाही, कारण ते मोजमापाच्या वहीत बसत नाही. खड्डा मोजता येतो, न उगवलेली घाणेरी मोजता येत नाही. माझं म्हणणं असं, की कुरणासाठी शंभर रुपये असतील तर तीस पहिल्या वर्षी द्यावेत आणि सत्तर पुढच्या तीन वर्षांत, तेही जुलै-ऑगस्टमध्ये, कापसाच्या निंदणीच्या दराने. तसं होणार नसेल तर पहिलेही तीस वाया जातात. त्यापेक्षा रानाला हात लावू नये.

चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या तालुक्यांतल्या ज्या ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत, त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या भोंगऱ्याला माणसं घरी असतील तेव्हा बसा, एकच उतार निवडा, तोही लहान, आणि बकऱ्या कुठे जातील ते सगळ्यात आधी ठरवा. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, त्यात तिन्ही वर्षांची निंदणी लिहा, आणि जुलैची पहिली सकाळ कोणत्या घरांची, ती नावंसुद्धा.